गादीतलं चुंबक आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, सासूबाईंचं वय 68. दोन्ही गुडघे दुखतात, डॉक्टरांनी झीज सांगितली आहे. महिन्यापूर्वी गल्लीतल्या एक वहिनी चुंबकीय गादी घेऊन आल्या. 'पंधरा दिवस झोपून बघा, मग ठरवा,' म्हणाल्या. सासूबाई सांगतात, चौथ्या दिवसापासून गुडघे हलके वाटतायत. गादीची किंमत 1 लाख 35 हजार. वहिनी म्हणतात, मेंबर व्हा, खाली चार माणसं जोडलीत की पैसे वसूल. सासूबाई ठेव मोडायला निघाल्यात. माझे मिस्टर याला थोतांड म्हणतात आणि त्यावरून घरात रोज खटके उडतात. दुपारी सासरेही त्याच गादीवर आडवे होतात, त्यांना गेल्या वर्षी पेसमेकर बसवला आहे. गादीने रक्ताभिसरण वाढून बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतात, असंही वहिनी सांगतात. चुंबकाचा खरंच काही उपयोग असतो का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, म्हणून तिचं उत्तर आधी देते. सासऱ्यांना आजपासून त्या गादीवर झोपू देऊ नका. दुपारचं पाच मिनिटांचं लवंडणंसुद्धा नको.

पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारी एक कळ असते. ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक ठेवूनच यंत्राचा अंदाज घेतात. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके बघायचं थांबवतो आणि ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो. चुंबक बाजूला गेलं की बहुतेक वेळा पूर्ववत होतो. गॉस हे चुंबकाची ताकद मोजायचं माप. ही कळ 10 गॉसच्या आसपासही चालू होऊ शकते, आणि गादीतल्या चुंबकांवर शेकड्यांत गॉस लिहिलेले असतात. सासरे कुशीवर किंवा पालथे वळले की छाती थेट गादीला टेकते. काही जणांना झटका देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवलेलं असतं. ते तर चुंबकाजवळ असेपर्यंत झटकाच देत नाही, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा गप्प राहू शकतं. घाबरून जाऊ नका, पण हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून 'ते महिनाभर अशा गादीवर झोपत होते' एवढं नक्की सांगा. पुढेही चुंबकीय उशी, माळ, पट्टा, चुंबकाचं झाकण असलेली इअरफोनची डबी, यातलं काहीच छातीच्या खिशात किंवा छातीजवळ नको. निदान वीतभर अंतर हवं.

दुसरं गोळ्यांचं. बीपी किंवा शुगरची एकही गोळी गादीच्या भरवशावर बंद करायची नाही. हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे.

माझ्या आत्याने 2002 साली अशीच गादी घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. भिशीचे पैसे आणि वर सोन्याच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत मिरजेला घरी आले की आत्या मला गादीवर बसवून विचारायची, "बघ गं, मुंग्या आल्यासारखं होतंय ना?" मला काही व्हायचं नाही, पण तिचा चेहरा इतका आशेने माझ्याकडे बघत असायचा की मी मान हलवायचे. ती मान हलवणं मला आजही बोचतं. गादी देणाऱ्यांनी तिला सांगितलं होतं, तीन महिन्यांत बीपीची गोळी सुटेल. तिने ती दुसऱ्याच महिन्यात सोडली, घरात कुणाला न सांगता. नवरात्रात एका दुपारी कणीक मळताना तिच्या उजव्या हातातली ताकद गेली. गोळा परातीत तसाच राहिला. ती जगली, आणखी अकरा वर्षं जगली, पण तो हात शेवटपर्यंत पूर्ण उघडला नाही. माझ्या शिक्षणाचा पहिला खरा पेशंट म्हणजे तो हात.

म्हणून तुमच्या मिस्टरांना माझी विनंती आहे, 'थोतांड' हा शब्द सासूबाईंसमोर वापरू नका. त्या खोटं बोलत नाहीयेत. गुडघे हलके वाटतात म्हणजे त्यांना तसं खरंच वाटतं. प्रश्न एवढाच, की ते चुंबकामुळे वाटतं का.

झिजेच्या गुडघ्याचं दुखणं रोज सारखं नसतं, ते चढतं-उतरतं. माणूस नवा उपाय कधी शोधतो? दुखणं अगदी शिगेला पोचतं तेव्हा. तिथून ते आपसूकही थोडं उतरणारच असतं, आणि नेमकं तेव्हा जे अंगाखाली किंवा मनगटात असेल त्याला श्रेय मिळतं. शिवाय महिनाभर घरात सासूबाईंच्या गुडघ्यांचीच चर्चा चालली आहे. वहिनी रोज येऊन, शेजारी बसून, "आज कसं वाटतंय?" विचारत असणार. 68 वर्षांच्या बाईला घरात हे किती जण विचारतात? माझ्याकडच्या टेबलावर झोपलेल्या पेशंटचं दुखणं नुसत्या नीट विचारपुशीने कमी होताना मी रोज बघते. त्यात कमीपणाचं काही नाही. फक्त त्यासाठी 1 लाख 35 हजार लागत नाहीत. आणि एक गोष्ट तपासून बघा: आधीची गादी खोलगट झालेली होती का? बऱ्याच घरांत खरा फरक तिथेच असतो.

आता चुंबक. "रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचतं आणि रक्त पळायला लागतं," हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की ते आता म्हणीसारखं झालंय. आपल्या शरीरात मिळून लोह असतं साधारण 4 ग्रॅम. त्यातलं बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये, एकेक अणू सुटा बांधलेला. तो लोखंडाच्या किसासारखा नसतो, त्यामुळे चुंबकाला चिकटत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये हे मोजूनच दाखवलं. प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं आणि प्राणवायू सोडलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही इतकं कमी, की हृदयाच्या धक्क्यापुढे त्याची गणतीच नाही.

हे पटायला प्रयोगशाळा नको, एमआरआयचं मशीन आठवा. ते 1.5 टेस्लाचं असतं, म्हणजे 15,000 गॉस, काही तर 30,000 गॉसची. त्यात माणूस अर्धा-पाऊण तास पडून असतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आलेल्या किती पेशंटचे गुडघे बघितले त्याची मोजदाद नाही. मशीनमधून उठल्यावर गुडघा दुखायचा थांबला, असं त्यातला एकही म्हणाला नाही. हजार गॉसच्या गादीने रक्त पळत असतं, तर त्या मशीनमध्ये काय झालं असतं? 1997 मध्ये नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 16 टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता. बेडकाला त्याने काही झालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

त्यातून गादीतलं चुंबक गुडघ्याच्या आत पोचतं किती? एका पेशंटने गुडघ्याचा चुंबकीय पट्टा माझ्याकडेच टाकून दिला होता. मी तो कात्रीने उसवला. आत शर्टाच्या बटणाएवढ्या बारा काळ्या टिकल्या निघाल्या, ठिसूळ, एक तर हातातच तुटली. एका टिकलीवर वही ठेवली आणि वहीवर टाचणी. चाळीस पानांच्या वहीवरून टाचणी टिकलीच्या मागे मागे सरकत होती. दोनशे पानी वही मध्ये घातली तशी ती हललीच नाही. चुंबकाची ताकद अंतराबरोबर अशी झपाट्याने उतरते. आता कातडी, चरबी, वाटी यांच्या आत दडलेली गुडघ्याची कूर्चा त्या वहीच्या जाडीपेक्षा आत आहे, आणि गादीत तर वर फोम आणि कापडाचे थरही आहेत. हा प्रयोग सासूबाईंसमोर करा. त्यांच्याच हातात टाचणी द्या. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

वहिनी कदाचित असंही म्हणतील, की पृथ्वीचं चुंबकत्व कमी होत चाललंय, सिमेंटच्या घरांत ते पोचत नाही, गादी ती उणीव भरून काढते. ही कल्पना 1976 च्या सुमारास जपानमधून आली. सिमेंटच्या घरात होकायंत्र घेऊन बसा, ते उत्तरच दाखवेल. फार तर लोखंडी खांबाजवळ थोडं विचलित होईल. आणि पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम तर आपल्या दारात चालतं. मुंबईच्या कुलाब्याला ही मोजणी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या विजेने नाजूक उपकरणं बिघडतील म्हणून 1904 पासून वेधशाळा अलिबागला गेली. सहलीला गेलात तर दुरून का होईना, बघून या. मला त्या जागेबद्दल फार आदर वाटतो. पृथ्वीचं चुंबकत्व गेल्या दोनेकशे वर्षांत काही टक्क्यांनी उतरलंय हे खरं. पण आपल्याकडे ते अर्ध्या गॉसपेक्षाही कमी आहे. 800 गॉसची टिकली म्हणजे त्याच्या जवळपास दोन हजार पट. याला उणीव भरून काढणं कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, कारण कळलं नाही तरी गुण येत असेल तर? बरोबर आहे, वैद्यकात असं होतं. म्हणून खऱ्या आणि खोट्या चुंबकाची तुलना करावी लागते, आणि ती लोकांनी केली आहे. 1997 मध्ये ह्यूस्टनला पोलिओनंतर दुखणं राहिलेल्या 50 जणांवर छोटी चाचणी झाली, तीत खऱ्या चुंबकाने दुखणं बरंच कमी झालं. विकणारे हीच दाखवतात. पण नंतर कंबरदुखीच्या 20 जणांवर खऱ्या-खोट्या चुंबकात फरक दिसला नाही. 2003 मध्ये मेयो क्लिनिकने टाचदुखीच्या 101 जणांना बुटात घालायचे चुंबकीय आणि नकली तळवे दिले. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश लोक बरे वाटतंय म्हणाले. नकली तळव्यानेही तितकेच!

गुडघ्या-खुब्याच्या झिजेवर 2004 मध्ये ब्रिटनमध्ये 194 जणांची चाचणी झाली. तीत मनगटात घालायच्या खऱ्या चुंबकाच्या कड्याने नकलीपेक्षा थोडा जास्त आराम दिसला. ही चाचणी मी लपवणार नाही, तुम्हाला कुणी दाखवली तर तुम्ही गोंधळाल. तिची अडचण चाचणी करणाऱ्यांनीच मांडली होती: कडं खरं की खोटं हे लोकांना कळू शकतं. किल्ल्यांचा जुडगा जवळ नेला की झालं! आपली टाचणीच ती. मग यॉर्कच्या संशोधकांनी वेगळी रीत काढली. एकाच माणसाला पाळीपाळीने चार प्रकार घालायला दिले, त्यांत खरं चुंबक, कमजोर चुंबक, चुंबकत्व काढून टाकलेला पट्टा आणि तांब्याचं कडं होतं. 2009 मध्ये झिजेच्या 45 जणांवर आणि 2013 मध्ये आमवाताच्या 70 जणांवर. दुखण्यात, ताठरपणात काही अर्थपूर्ण फरक निघाला नाही. तांब्याचं कडं घालणारे खूप आहेत म्हणून तेही सांगितलं.

दोनशे चाळीस वर्षांपूर्वीही हेच झालं होतं. मेस्मर नावाचा डॉक्टर आधी व्हिएन्नात चुंबकं लावून आणि मग पॅरिसमध्ये नुसत्या हातवाऱ्यांनी रोगी बरे करायचा. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मरच्या शिष्याने बागेतल्या एका झाडात आपली शक्ती भरली आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडांजवळ नेलं. मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. त्या मुलाने नाटक केलं नव्हतं, असं मला वाटतं. त्याला खरंच भोवळ आली असणार. सासूबाईंच्या हलक्या गुडघ्यांकडेही मी तसंच बघते.

ठेव मोडू नका. 'चार माणसं जोडा' यात तर अजिबात पडू नका. आत्याने पाच जणींना मेंबर केलं होतं. आजारापेक्षा तिला याचा त्रास जास्त झाला, कारण त्या पाचही जणी तिच्या शब्दावर विसंबल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं ती हळदीकुंकवाला त्या गल्लीत गेली नाही. तुमच्या वहिनीही बहुतेक अशाच अडकलेल्या असतील, त्यांच्यावर चिडू नका. गादी सुस्थितीत परत करा, त्यांच्याकडून 'परत मिळाली' असं एका कागदावर लिहून घ्या. आधी काही पैसे दिले असतील आणि ते परत मिळत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे, हेही वहिनींच्या कानावर घाला. त्यांना कुणी सांगितलेलं नसेल.

आणि गुडघे? ते तर माझं रोजचं काम. सासूबाईंना पाय लांब करून पलंगावर बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने गुंडाळी खाली दाबायची, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग जरा उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तितकं. पहिले आठ दिवस थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर संख्या कमी करा. मांडीचा स्नायू भरला की सांध्यावरचा भार तो उचलतो. यावर झालेल्या चाचण्या भरपूर आहेत आणि त्यांचा कौल स्पष्ट आहे. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. देशी संडासावर कमोडची खुर्ची ठेवा. भाजी निवडायला खाली मांडी घालून बसणं बंद, ओट्याशी उंच स्टूल आणा. काठी घेत असतील तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा अडकून बसला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. संध्याकाळचा व्यायाम मात्र तुम्ही किंवा मिस्टरांनी शेजारी बसून करून घ्या. वहिनी रोज येऊन विचारायच्या ते आता घरातल्या कुणीतरी विचारायला हवं.

प्रश्न : चुंबकावर रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायल्याने ॲसिडिटी जाते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. पाण्यात चुंबकत्व साठत नाही, तांब्या चुंबकावरून उचलला की ते साधं पाणीच. त्याने अपाय नाही, पण जळजळ तीन आठवड्यांहून जास्त असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर पाण्यावर दिवस काढू नका. घरात लहान मुलं असतील तर ती छोटी, चकचकीत, फार जोरकस चुंबकं घरातच ठेवू नका. मुलाने दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना पकडतात आणि आतड्याला भोक पडतं. असं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना.

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा आहे, दोन वर्षं डिप्रेशनवर उपचार चालू आहेत. दोन वेगवेगळ्या गोळ्यांनी गुण आला नाही. आता मानसोपचारतज्ज्ञ डोक्याला चुंबकाचे उपचार सुचवतायत. हीपण फसवणूकच ना?
— एक वडील, नाशिक

उत्तर : नाही हो, आणि तुमचं पत्र आल्याचं मला फार बरं वाटलं. वरचं उत्तर वाचून कुणी हा उपचार टाळू नये.

घरातली इंडक्शन शेगडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकत्व सेकंदाला हजारो वेळा बदलतं, त्या बदलाने पातेल्याच्या बुडात वीज खेळते आणि चहा उकळतो. तेच पातेलं फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर जन्मभर ठेवा, पाणी कोमटसुद्धा होणार नाही. बदलत्या चुंबकाने वीज निर्माण होते, हा फॅरडेने 1831 मध्ये शोधलेला नियम. गादीतलं चुंबक स्थिर असतं. तुमच्या डॉक्टरांच्या मशीनमधलं वेटोळं टेस्लाभर ताकदीचं चुंबकत्व क्षणार्धात चढवतं-उतरवतं, त्यामुळे कवटीखालच्या मेंदूच्या ठरावीक भागात अगदी सौम्य वीज खेळते. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये शेफील्डला हे पहिल्यांदा करून दाखवलं. याला टीएमएस म्हणतात. गोळ्यांनी न हटणाऱ्या डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये त्याला मान्यता दिली, तीही नकली मशीनशी तुलना करून. न जुळणाऱ्या हाडावरही बदलत्या चुंबकत्वाची यंत्रं 1979 पासून वापरात आहेत.

सगळ्यांना गुण येतो असं नाही. आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं. डोक्यावर टकटक जाणवते, थोडं डोकं दुखतं. फीट येण्याचा धोका असतो, पण क्वचित. म्हणून पूर्वी कधी फीट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात यंत्र बसवलेलं असेल, तर ते आधीच सांगा. एकूण किती बैठका, खर्च किती, मध्येच सोडलं तर काय, गुण आला नाही तर पुढे काय, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. मुलालाही बरोबर बसवा, त्याच्यासमोरच बोला. आणि चालू असलेल्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ सांगेपर्यंत बंद करू नका.